आटोक्यात आलेला आजार आणि न सुरू झालेला दिवस: विक्रोळीतल्या एका घराचं प्रकरण

दादा ३३ वर्षांचा. राहायला विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच घर. त्यात आई, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले वडील आणि खासगी नोकरी करणारी धाकटी बहीण. तिच्यामुळे सगळं घर त्याला दादा म्हणतं, म्हणून इथेही तेच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारामुळे अडलेली रोजची कामं माणसाला जमावीत यासाठी मदत करते. दादाला स्किझोफ्रेनिया हा मनोविकार आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या केसपेपरवर सहा वर्षं जवळजवळ एकच शेरा होता: लक्षणं आटोक्यात, औषधं चालू ठेवावीत. शेरा खरा होता. सहा वर्षांत एकदाही भरती करावं लागलं नव्हतं. पण त्याच सहा वर्षांत तो एकटा विक्रोळीबाहेर गेला नव्हता, स्वतःहून कुणाला फोन केला नव्हता, सलग दोन दिवस अंघोळ केली नव्हती. पहिल्या भेटीत आई म्हणाली, "ताई, सगळे म्हणतात बरा झालाय. मग हा असा का?"

आजाराचा इतिहास थोडक्यात सांगते. ऐकणाऱ्याला बहुतेकदा यातच जास्त रस असतो, पण या प्रकरणातला महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. विसाव्या वर्षी, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, लोकलमधल्या घोषणांत आपलं नाव घेतलं जातंय असं त्याला वाटू लागलं. मग आवाज आले, जेवणात कुणीतरी काही मिसळतंय हा संशय आला, रात्रीची झोप गेली. घरच्यांनी आधी कुलदैवताला नेलं, मग एका बाबांकडे. त्यात आठ-नऊ महिने गेले. पुढे रिस्पेरिडोन आणि नंतर ओलान्झापिन ही भासांवरची औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊनही आवाज हटले नाहीत. मधे दोनदा भरती. सव्विसाव्या वर्षी क्लोझापिन सुरू झालं. दोन औषधांनी भागत नाही तेव्हा हे औषध देतात. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. आईने एकही तपासणी चुकू दिली नाही. हळूहळू आवाज विरले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ३० लाख लोकांना, म्हणजे साधारण ३४५ पैकी एकाला, स्किझोफ्रेनिया आहे. आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा थोडा उशिरा. या वयाकडे माझ्या मते पुरेसं लक्ष दिलं जात नाही. पहिली नोकरी, पहिला पगार, बँकेतलं खातं, मित्रांबरोबर परगावी जाणं, एखादीवर मन बसणं, हे सगळं माणूस ज्या वर्षांत शिकतो तीच वर्षं आजार घेऊन जातो. दादा या गोष्टी विसरला नव्हता, त्या त्याच्या वाट्याला आल्याच नव्हत्या. त्यामुळे 'त्याला पुन्हा पहिल्यासारखा करा' ही वडिलांची मागणी मला पूर्ण करता येण्यासारखी नव्हती. पहिल्यासारखा म्हणजे वीस वर्षांचा, आणि तो आता तेहेतिसाव्या वर्षात होता.

दुसरी गोष्ट औषधांची. आवाज, भास, संशय यांवर आजची औषधं बऱ्यापैकी काम करतात. पण इच्छाच न होणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, माणसांत न मिसळणं ही याच आजाराची दुसऱ्या गटातली लक्षणं, आणि लक्ष, स्मरण, आखणी यांतला अडथळा हा तिसरा गट. या दोन गटांवर औषधांचा परिणाम फारच थोडा होतो. माणूस दिवसभर कसा जगेल हे मात्र त्यांच्यावरच जास्त ठरतं. घराला ती लक्षणं आजारासारखी दिसत नाहीत. वडील म्हणायचे, "आवाज नाहीत, ताप नाही, हातपाय धड आहेत. मग उठायला काय होतं?"

पहिल्या महिन्यात मी दोन मोजमापं केली. एक 'आयडियाज', भारतात मानसिक आजाराचं दिव्यांगत्व ठरवण्यासाठी वापरतात ती श्रेणी. तिच्यात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज, आणि काम या चार बाबींना ० ते ४ गुण असतात, जास्त गुण म्हणजे जास्त अडचण; शिवाय आजाराच्या कालावधीचे गुण वेगळे. दादाचे झाले २, २, २, ३ आणि दहा वर्षांहून जुन्या आजाराचे ४. एकूण २० पैकी १३, म्हणजे ४० ते ७० टक्क्यांच्या गटात. दुसरी प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची, जीवनमानाची, २६ प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला स्वतःला कसं वाटलं, हे ती शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसर अशा चार अंगांनी विचारते.

दुसऱ्या प्रश्नावलीत दोन गोष्टी समजल्या. पहिली अशी की मानसिक अंगात दादाने स्वतःला १०० पैकी ५६ दिले. आईला धक्काच बसला: "एवढं चांगलं वाटतंय त्याला?" बाहेरून दिसणारी अवस्था आणि माणसाचं स्वतःचं समाधान यांचा मेळ या आजारात पुष्कळदा बसत नाही, आणि त्यात खोटेपणा नसतो. ज्याने वर्षानुवर्षं काही मागितलेलं नसतं त्याला कमी पडल्याचंही फारसं जाणवत नाही. दुसरी गोष्ट सामाजिक अंगाची. त्यात तीनच प्रश्न असतात: जवळची नाती, मित्रांचा आधार आणि लैंगिक जीवन. तिसरा प्रश्न आल्यावर शेजारी बसलेली आई म्हणाली, "हे सोडून द्या हो." पुढच्या खेपेला मी त्याला एकट्याला विचारलं. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "गोळ्यांमुळे काही वाटतच नाही. हे कुणी विचारत नाही." या आजारावरची बरीच औषधं लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी करतात, आणि गोळ्या गुपचूप सोडण्यामागे हे एक मोठं कारण असतं. बारा वर्षांत त्याने हे पहिल्यांदा उच्चारलं, आणि त्यासाठी आईने पाच मिनिटं बाहेर बसणं पुरेसं होतं. सामाजिक अंगात त्याचे गुण होते १९.

आता झोपेकडे येते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. दादा साडेअकराला उठायचा. चहा, मग पुन्हा आडवा. दुपारी जेवण, टीव्ही चालू पण लक्ष नाही, संध्याकाळ, जेवण, दहाला गोळ्या. हे असं कधीपासून? आई म्हणाली, सुरुवातीपासूनच. बहीण म्हणाली, "नाही, एवढं वाईट गेल्या पाच-सहा महिन्यांपासून. आधी नऊला तरी उठायचा." पाच-सहा महिन्यांपूर्वी काय बदललं, हे विचारल्यावर कुणालाच काही आठवेना. मग आईने सहज सांगितलं की त्याच सुमाराला वडिलांनी सिगारेटचे पैसे बंद केले. दिवसाला पंधरा-वीस ओढायचा, एका झटक्यात बंद. शिवाय हल्ली सकाळी उशी लाळेने चिंब असते.

तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत क्लोझापिनचा निचरा जास्त वेगाने करतं. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याला औषध जास्त लागतं, आणि सिगारेट अचानक सुटली की गोळ्या तेवढ्याच राहूनही रक्तातलं औषध वाढतं. हा परिणाम धुराचा आहे. तंबाखू मळून खाणाऱ्याला तो लागू होत नाही. सुस्ती, लाळ, बद्धकोष्ठ ही मात्रा जास्त होत असल्याची चिन्हं असू शकतात, आणि क्लोझापिन घेणाऱ्याचं बद्धकोष्ठ अंगावर काढणं तर जिवावर बेतू शकतं. वडिलांनी सिगारेट सोडवली ती मुलाच्या भल्यासाठीच. ते डॉक्टरांना सांगायचं असतं, हे त्यांना कुणी बजावलं नव्हतं. मनोविकारतज्ज्ञांनी रक्तातली पातळी तपासून मात्रा टप्प्याटप्प्याने ४०० मिलिग्रॅमवरून ३०० वर आणली आणि गोळ्यांची वेळ रात्री साडेआठवर घेतली. दीड महिन्यात दादा साडेआठ-नऊला उठू लागला. ज्याला सहा महिने घरात ऐतखाऊपणा म्हटलं गेलं, त्याचा मोठा भाग रक्तातल्या औषधाचा होता. घरातल्या रुग्णाची सिगारेट सुटली किंवा पुन्हा सुरू झाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, असं मी आता प्रत्येक घराला सांगते.

तरीही अंघोळ होत नव्हती. बाहेरून हट्ट वाटावा अशी गोष्ट, म्हणून आम्ही तिचे तुकडे करून पाहिले. नळाला पाणी सकाळी सहा ते साडेसात. उठायला उशीर झाला की पिंपातलं पाणी घ्यायचं. त्यातलं स्वयंपाकाला किती ठेवायचं, गिझरला किती, हे ठरवायचं. मोरीत आईची भांडी असली तर ती हलवायची. कपडे शोधायचे. टॉवेल बाहेर दोरीवर. आपण हे सगळं विचार न करता उरकतो. आखणीची क्षमता अधू झालेल्या माणसाला त्यात सात-आठ निर्णय घ्यावे लागतात, आणि तिसऱ्या निर्णयाशी तो पलंगावर जाऊन बसतो. उपाय अगदी साधा होता. त्याच्या वाट्याची एक बादली आईने नळ जायच्या आत भरून मोरीतच ठेवायची, कपडे आणि टॉवेल रात्रीच खुर्चीवर, आणि चहा अंघोळीनंतर. 'अंघोळ कर' हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही, हेही ठरलं. शेवटची अट पाळणं वडिलांना सर्वांत जड गेलं. आठवड्यातून चार-पाच दिवस अंघोळ होऊ लागली, आणि मी तिथेच थांबले. मुंबईत पाणीकपातीच्या दिवसांत रोज अंघोळ न करणारी धडधाकट माणसंही पुष्कळ असतात.

बोलणं कमी करायला सांगितलं त्यामागे कारण होतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एक गोष्ट तपासली: इस्पितळातून सुटलेला रुग्ण कोणत्या घरात परततो यावर आजार उलटणं अवलंबून असतं का? टीका, तिरस्कार आणि अति काळजी जिथे जास्त, तिथे आजार जास्त उलटत होता. अशा घरात रुग्ण आणि नातेवाईक आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर असतील तर धोका आणखी वाढत होता. १९८० च्या दशकात चंदीगडला झालेल्या अभ्यासात अशी टीकाखोर घरं लंडनच्या तुलनेत खूप कमी आढळली, हे आपल्याकडच्या घरांबद्दल आवर्जून सांगण्यासारखं आहे. पण ३५ तास? कन्नमवार नगरातल्या एका खोलीत निवृत्त वडील, आई आणि दादा तेवढे तास दोन-तीन दिवसांतच समोरासमोर असत. वेगळी खोली द्या, हा सल्ला तिथे निरर्थक. म्हणून आम्ही खोलीऐवजी वेळा वाटल्या. सकाळी दहा ते बारा वडिलांनी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जायचं, दुपारी आईने भजनी मंडळात, आणि संध्याकाळी दादाने तासभर बाहेर. वडील आधी चिडले, "माझ्याच घरातून मी बाहेर जायचं?" महिन्याभराने तेच म्हणाले की कट्ट्यावर जाऊन त्यांचं रक्तदाबाचं औषध कमी झालं. कारण ते होतं की नाही, मी सांगू शकत नाही, पण घरातला आवाज खाली आला होता हे खरं.

"तुम्हाला काय करावंसं वाटतं?" हे मी दादाला बरेचदा विचारलं. उत्तर 'काही नाही'. एकदा जाता जाता दारात थांबून तो म्हणाला, "दादरला जायचंय. एकट्याने." शिवाजी पार्कला क्रिकेटचा सराव बघायला, कॉलेजात असताना जायचा. वडिलांना नोकरी हवी होती, आईला मुलाचं लग्न, बहिणीला वाटत होतं त्याने कॉम्प्युटरचा कोर्स करावा. त्याला दादर हवं होतं. मी दादर निवडलं. ज्या कामात माणसाची स्वतःची ओढ आहे तिथूनच सुरुवात करायची असते, कारण या आजारात आधी ओढच आटलेली असते, आणि जी थोडी शिल्लक आहे ती दुसऱ्याच्या यादीवर खर्च करणं मला अन्यायाचं वाटतं.

अडचण लोकलची होती. घोषणांतूनच आजाराने त्याला गाठलं होतं. आधी अकराच्या सुमारास, गर्दी ओसरल्यावर, बहिणीबरोबर घाटकोपर आणि परत. मग कुर्ला. मग बहीण शेजारच्या डब्यात. घोषणा सुरू झाली की एका कानात इअरफोन लावायचा आणि पुढच्या स्टेशनांची नावं मनात म्हणायची: घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर. एकदा शीवला त्याला आपलं नाव ऐकू आलं. तो उतरला, बाकावर बसला, बहिणीला फोन केला आणि पुढची गाडी पकडून दादरलाच गेला. परत फिरला नाही, हे बहिणीने मला दोनदा सांगितलं. आवाज पूर्ण गेल्यावर बाहेर पडायचं, असं ठरवून बसला असता तर तो आजही घरीच असता.

काम त्यानंतर आलं, आणि तेही शेजारून. बाजूच्या इमारतीतल्या काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. साडेदहा ते साडेबारा डबे भरायला माणूस हवा होता. आधी महिनोन्‌महिने प्रशिक्षण आणि मग नोकरी, यापेक्षा आधी खऱ्या कामावर लावून तिथेच आधार देण्याची पद्धत जास्त लोकांना कामावर टिकवते, असं १९९० च्या दशकापासून परदेशांत झालेल्या अनेक चाचण्यांत दिसलं आहे. काकूंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हाताला घाण नाही ना? मग येऊ दे." पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला. चार पोळ्या, भाजी, आमटी, जैन डब्यात कांदा नाही, अमक्याला भात जास्त, या तोंडी सूचना त्याच्या डोक्यात टिकेनात. आम्ही जैन डब्यांना हिरवं झाकण लावलं, भरलेल्या डब्याचा फोटो ओट्यासमोर चिकटवला आणि एका वेळी एकच पदार्थ सगळ्या डब्यांत वाढायचा असा क्रम लावला. चुका जवळजवळ थांबल्या. काकू म्हणाल्या, झाकणांमुळे त्यांच्या स्वतःच्याही चुका थांबल्या. पगार दिवसाला १५० रुपये.

पगार सुरू झाला आणि वडिलांची झोप उडाली. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत मानसिक आजारामुळे उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांच्या मागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. 'आमच्यानंतर याचं काय' या प्रश्नाचं या घराकडे एवढंच ठोस उत्तर होतं. "कमावता झाला म्हणून तेच गेलं तर? दोन तासांच्या डब्यांवर जन्म जाणार आहे का त्याचा?" हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. गरीब आणि मध्यमवर्गीय घरांत रुग्णाला कामापासून अडवणारं हे अगदी विचारपूर्वक कारण असतं. नियम काढून वाचले. २०२१ मध्ये केंद्राने उत्पन्नाची अट सैल केली: निवृत्त कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरची महागाई सवलत, एवढ्यापेक्षा दिव्यांग अपत्याची कमाई कमी असेल तर हक्क राहतो. डब्यांची कमाई त्याच्या कितीतरी खाली होती. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली तेव्हा वडिलांनी त्याला शिकवलं, "तिथे जास्त बोलू नकोस, कामाचं तर अजिबात नाही." यावर मी ठाम नकार दिला. वर्षभर ज्याला बोलायला शिकवलं त्याला एका शिक्क्यासाठी गप्प बसवायचं, हे मला मान्य नव्हतं. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे दादाने डबे, दादर, हिरवी झाकणं, सगळं सांगितलं. गुण १३ वरून ११ वर आले. गट तोच राहिला, कारण आजाराच्या कालावधीचे ४ गुण कमी होत नाहीत आणि पूर्ण दिवसाचं काम त्याला अजूनही झेपत नाही.

गणेशोत्सवात गाडी घसरली. खाली मंडपात रात्रीपर्यंत लाऊडस्पीकर, घरी पाहुणे, दोन रात्री गोळ्या राहून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याने टीव्हीचा आवाज वाढवून ठेवला. हे त्याचं जुनं लक्षण. आवाज दाबायला तो दुसरा आवाज लावतो. कपाटाच्या आत आम्ही एक कागद चिकटवला होता: झोप कमी होणं, टीव्ही मोठा होणं, जेवणाचा वास घेऊन बघणं, यातलं एक दिसलं की कुणाला फोन करायचा. बहिणीने केला. क्लोझापिन दोन दिवसांपेक्षा जास्त सुटलं तर पूर्वीची पूर्ण मात्रा एकदम घेता येत नाही, कमी मात्रेपासून पुन्हा चढावं लागतं. म्हणून लगेच कळवणं गरजेचं होतं. दोन आठवडे काम बंद, भरती नाही. काकूंनी जागा राखून ठेवली.

वर्षानंतर जीवनमानाची प्रश्नावली पुन्हा भरली. शारीरिक अंग ४४ वरून ५६. सामाजिक १९ वरून ३१. परिसर थोडा वर. मानसिक ५६ वरून ४४, म्हणजे खाली. दादरला त्याला कॉलेजचा एक मित्र भेटला होता, बायको आणि मुलीसह. "आधी कळतच नव्हतं काय काय गेलं," तो म्हणाला. आजाराची जाण वाढली की मन उदास होऊ शकतं, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. स्किझोफ्रेनियात सुमारे पाच टक्के लोकांचा मृत्यू आत्महत्येने होतो, म्हणून मी आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं. विचार नव्हते, दुःख होतं. त्याला मी बिघाड म्हणून नोंदवलं नाही, पण दर आठवड्याची भेट ठेवली आणि घरच्यांना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फ्रिजवर लावायला सांगितला. लग्न होईल का, हे त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आजार लपवून होणार असेल तर मी विरोधात असेन, एवढं आईसमोर सांगितलं.

सध्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. सात दिवसांच्या कप्प्यांच्या डबीत गोळ्या तो स्वतः भरतो, बहीण रविवारी तपासते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली त्याने नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती, म्हणून वडिलांऐवजी बहिणीचं नाव दिलं आहे. वडिलांना ते लागलं, पण त्यांनी सही होताना हरकत घेतली नाही. पूर्ण वेळेची नोकरी हवीच, हे त्यांचं म्हणणं कायम आहे. वजन ९१ किलो आहे आणि साखर मर्यादेच्या काठावर, त्यामुळे पुढचे तीन महिने माझा भर डब्यांच्या तासांपेक्षा संध्याकाळच्या चालण्यावर राहील. काकूंनी डबे पोचवण्याचं कामही देऊ केलं होतं. दादा नको म्हणाला, जिने चढताना लोक भेटतात आणि बोलावं लागतं. ते त्याने स्वतः काकूंना सांगितलं.